चौथा दरवाजा

काशीच्या नारद घाटावरून उत्तरेकडे निघालेल्या यात्रेकरूला लागलीच जो भक्कम दगडी बांधणीचा घाट लागतो, त्यास आज राजा घाट म्हणतात. पूर्वी तो अमृतराव घाट या नावाने प्रसिद्ध होता. हे अमृतराव पेशवे म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावाचे थोरले भाऊ. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले तेव्हा राज्यकारभाराची सूत्रे अल्पकाळ त्यांच्याकडे आली होती. परंतु पुढल्याच वर्षी जनरल वेलस्लीशी करार करून, सालिना सात लाख रुपयांच्या तनख्यावर त्यांनी राजकारणातून अंग काढून घेतले आणि यथावकाश काशीवास पत्करला. घाट, देवालये, अन्नछत्र अशा दानधर्माने त्यांचे नाव त्या नगरीत दुमदुमत राहिले, आणि १८२४ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी कलकत्त्याचे बिशप हेबर काशीस आले होते. त्यांच्या प्रवासवृत्तात अमृतरावांच्या वार्षिक दानसमारंभाची हकीकत आहे, आणि राज्यकारभाराचा विचार करणाऱ्याने ती एकदा तरी वाचावी अशी आहे. उंच भिंतीने वेढलेल्या एका विस्तीर्ण बागेला चार दरवाजे होते. तीन दरवाज्यांनी निरनिराळ्या वर्गांतील याचकांना आत घेत, आणि चौथा खुद्द अमृतरावांसाठी व त्यांच्या नोकरचाकरांसाठी राखलेला असे. याचकाला ताटभर तांदूळ आणि एक रुपया मिळे. मात्र ज्याच्या पदरात दान पडले त्याला दिवसभर बागेतच ठेवून घेत, अशासाठी की त्याने बाहेर पडून दुसऱ्यांदा हात पसरू नये. सावलीची वा पाण्याची गैरसोय होत नसे, आणि एका समारंभाचा खर्च कधी कधी पन्नास हजार रुपयांच्याही वर जात असावा, असा तत्कालीनांचा अंदाज हेबर नमूद करतात.

व्यवस्था चोख होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती सारी दक्षता घेणाऱ्याच्या बाबतीत होती. देणाऱ्याला कोणी काही विचारावे अशी तजवीज त्या बागेत नव्हती, आणि दान हे स्वखुशीचे असल्यामुळे तेथे ती नसणे साहजिकही होते. घोटाळा होतो तो सरकार जनतेच्याच पैशाकडे आपल्या दानाप्रमाणे पाहू लागते तेव्हा. रेशनच्या दुकानातील यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून परत फिरणारी म्हातारी आणि दर वर्षी हयातीचा दाखला घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणारा पेन्शनर पाहिला, की आपल्या लोकशाहीनेही तीन दरवाज्यांवरचा पहारा किती कसोशीने जपला आहे, हे ध्यानात येते. दोनदा कोणी घेऊ नये, हे योग्यच. परंतु गोदामातून निघालेले धान्य दुकानापर्यंत किती पोचले, या प्रश्नाला तेवढ्याच तत्परतेने उत्तर मिळते काय?

पेशवाईच्या उत्कर्षकाळात देणाऱ्यावर पहारा नव्हता असे मात्र नाही. मामलेदाराच्या जोडीला फडणीस, मुजुमदार, पोतनीस असे दरकदार हुजुरातून नेमलेले असत. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, आणि त्यांच्या हातून गेल्याखेरीज हिशेब पुरा होत नसे. खर्च करणारा हात वेगळा आणि लिहिणारा हात वेगळा, ही योजना आजच्या लेखापरीक्षकालाही पटेल. तथापि हा सगळा हिशेब वर, हुजुराकडे जाई. ज्या रयतेकडून वसूल येई तिच्याकडे तो खाली कधीच येत नसे. मग वरच्यांनाच वाटा पोचवला की काम भागे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात ज्या ‘अंतस्थ’ खर्चाचे वर्णन केले आहे, तो अशाच चोरवाटेचा प्रकार. आणि दुसऱ्या बाजीरावाने महालच्या महाल अधिक रक्कम देणाऱ्याला इजाऱ्याने देण्यास आरंभ केला, तेव्हा तर दरकदाराच्या टिपणाला काही अर्थच उरला नाही.

हिशेबाची ही दिशा फिरवण्याचे आधुनिक काळातील मोठे श्रेय राजस्थानातील मजुरांकडे जाते. अरुणा रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली स्थापन केलेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरवली. तेथे सरकारी कामांचे हजेरीपट, बिले, पावत्या गावासमक्ष मोठ्याने वाचून दाखवण्यात आल्या. रोजगार हमीच्या महाराष्ट्राला हजेरीपटाची ओळख करून द्यावयास नको. एरवी फायलीत निर्वेधपणे नांदणारे खोटे नाव, ज्या गावात त्या नावाचा मनुष्य मजुरीला कधी गेलाच नाही त्या गावाच्या कानांवर पडताच, क्षणभरही टिकत नाही. कोणत्याही लेखापरीक्षकाला हे सामर्थ्य नाही, कारण त्याला ती माणसे ठाऊक नसतात.

कायद्याचा धागा मात्र पुन्हा काशीकडेच नेतो. वाराणसी जिल्ह्यात जन्मलेले समाजवादी नेते राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या १९७१ च्या निवडणुकीविरुद्ध केलेल्या याचिकेत, पंतप्रधानांच्या दौऱ्यातील संरक्षणव्यवस्थेचे नियम ज्यात आहेत ते ‘ब्लू बुक’ न्यायालयापुढे मागवले. सरकारने गोपनीयतेचा हक्क सांगितला. १९७५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या कागदापुरता उच्च न्यायालयाचा राजनारायण यांना अनुकूल असलेला आदेश रद्द करून प्रश्न फेरविचारार्थ परत पाठवला; पण त्याच निकालात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, सार्वजनिक सेवकांनी सार्वजनिक रीतीने केलेले प्रत्येक कृत्य जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, असे तत्त्व मांडले. ज्याने दावा मांडला त्याच्या हाती कागद आला नाही आणि सर्वांच्या हाती तत्त्व आले, असा हा विलक्षण व्यवहार.

त्या तत्त्वाला कायद्याचे रूप यावयास तीस वर्षे लागली. महाराष्ट्राने आपला माहितीचा अधिकार अधिनियम २००२ चा केला, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर तो प्रत्यक्षात आला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली. तीस दिवसांची मुदत आणि दहा रुपयांची फी सर्वांना ठाऊक असते. मला त्या कायद्यातील सर्वांत क्रांतिकारक कलम वाटते ते सहावे, ज्यात अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे विचारता येत नाही असे म्हटले आहे. कारण सांगण्याचा बोजा शतकानुशतके मागणाऱ्याच्या शिरावर होता. तो प्रथमच नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर गेला. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे सोपवला, हे माझ्या मते मामलेदाराच्या हाती दरकदाराची नेमणूक देण्यासारखे झाले.

प्रसिद्धीने काय घडते, याचे युगांडातील उदाहरण अर्थशास्त्रज्ञ वारंवार देतात. १९९१ ते १९९५ या काळात तेथील प्राथमिक शाळांच्या अनुदानापैकी सरासरी तेरा टक्के शाळांपर्यंत पोचत होते. सरकारने अनुदानाचे आकडे वृत्तपत्रांत छापण्यास सुरुवात केल्यानंतर काही वर्षांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर गेले. सगळे श्रेय छापील आकड्याचे नव्हे, असा आक्षेप पुढे निघाला आणि तो विचारार्ह आहे. पण मुख्याध्यापकाला आपले किती येणे आहे हेच कळले नसते, तर त्याने मागितले तरी काय असते?

राजा घाटावरून प्रवाहाच्या उलट दिशेने गेले की तुळशी घाट लागतो. १४ जून १९८६ रोजी राजीव गांधींनी गंगा कृती योजनेचा प्रारंभ याच नगरीत केला, त्याआधीच, १९८२ साली, येथील संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले होते. महंत असूनही ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, हा योग दुर्मीळ खरा. पहाटे नदीत स्नान करावे आणि त्याच नदीच्या पाण्याचे नमुने तपासावेत, असा त्यांचा क्रम. वीज गेली की सांडपाण्याचे पंप बंद पडतात आणि मैला पुन्हा नदीत येतो, हा योजनेतला दोष ते सांगत आले. आणि तुळशी घाटावरील प्रयोगशाळेमुळे त्या सांगण्याला आकड्यांचा आधार होता. स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणूंची कमाल मर्यादा अडीच हजारांची. ती ओलांडली की नाही, हे सांगण्याचा मक्ता त्या प्रयोगशाळेने एकट्या सरकारपाशी राहू दिला नाही. २०१३ साली मिश्र निवर्तले.

२०२५ च्या फेब्रुवारीत, महाकुंभ चालू असताना, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रयागराज येथील पाण्यात ही मर्यादा ओलांडली गेल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास कळवले. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत ते अमान्य केले. आणि महिना संपता संपता मंडळाच्याच दुसऱ्या अहवालात, संख्याशास्त्रीय विश्लेषणाअंती, पाणी स्नानयोग्य ठरले. कोणता अहवाल ग्राह्य मानावा यावर तज्ज्ञ वाद घालोत. दोन्ही अहवाल न्यायाधिकरणाच्या दप्तरी दाखल झाले आहेत, आणि कोणता नमुना कोणत्या दिवशी कोठून घेतला, हे विचारणाऱ्या अर्जदाराला ते कशासाठी हवे, असे कोणी विचारू शकत नाही.