राजपुत्र कवि मियन थाम

मध्य व्हिएतनामांत सुगंधी नदीच्या कांठीं ह्युए नांवाचें शहर आहे. गुयेन घराण्याची राजधानी १८०२ पासून १९४५ पर्यंत तेथें होती. या घराण्याचा दुसरा सम्राट मिन मांग यानें १८२३ सालीं वीस अक्षरांची एक कविता रचली आणि राजवंशाच्या पुढील प्रत्येक पिढीच्या नांवांत तिच्यांतील एकेक अक्षर क्रमानें यावें, असा नियम घातला. वीस पिढ्यांची ही तजवीज. पण शेवटचा सम्राट पांचव्याच अक्षराचा निघाला! पहिलें अक्षर होतें 'मियन'.

मिन मांगला १४२ अपत्यें होतीं. त्यांतील दहावा पुत्र मियन थाम १८१९ सालीं जन्मला. सिंहासन त्याच्या वांट्यास यावयाचें नव्हतें. विद्या मात्र भरपूर आली. आपल्याकडे संस्कृताला जो मान होता, तो त्या दरबारांत अभिजात चिनी भाषेला होता, आणि त्याच भाषेंत त्यानें दोन हजारांहून अधिक कविता लिहिल्या. त्याचा भाऊ मियन चिन हाहि कवि होता. या दोघा बंधूंची तुलना रसिकांनीं चीनच्या तांग युगांतील कवींशीं केली. स्तुति थोडी सढळ खरी. परंतु राजवाड्यांतील या कवीनें बांबू विकणाऱ्या गरिबावर आणि सोन्याच्या रूपानें कर भरतां भरतां नाडलेल्या कुटुंबांवर लिहिलें, हें विशेष होय.

त्याच्याभोवतीं कवींचें एक मंडळ जमलें. त्याच्या नांवाचा अर्थ 'शाईचा मेघ'. त्या मंडळांत काव बा क्वात हा प्रखर प्रतिभेचा व तितक्याच करारी स्वभावाचा विद्वान होता. १८५४ सालीं तो बंडखोरांना मिळाला आणि पुढच्याच वर्षीं त्याचा अंत झाला.

राजपुत्राच्या दाराशीं बंड आलें, तें १८६६ सालीं. सम्राट तु दुक हा मियन थामचा पुतण्या. १८६२ च्या तहानें दक्षिणेचे तीन प्रांत फ्रेंचांना द्यावे लागले होते. तशांत सम्राटानें हयातींतच स्वतःच्या समाधीचें प्रचंड काम काढलें. तेथें राबणारे शिपाई व मजूर त्रासून गेले आणि चुना कुटण्याचीं मुसळें घेऊन राजवाड्यावर चालून गेले. त्यांचा पुढारी होता दोआन चुंग, मियन थामचा जांवई! त्याची बुद्धि पाहूनच राजपुत्रानें त्याला मुलगी दिली होती. उठाव फसला. दोआन चुंगला देहान्त शासन झालें. पण त्यापूर्वीं आपली बाजू मांडणारें एक दीर्घ काव्य तो लोकभाषेंत लिहून गेला.

सासऱ्यापुढें काय वाट उरली? पोटची मुलगी व नातवंड यांना बांधून तो दरबारांत घेऊन आला आणि शिक्षा मागितली. सम्राटानें त्यांना जीवदान दिलें. राजपुत्राचें वेतन मात्र कापलें. गरिबांचें दुःख गाणाऱ्या कवीला त्या दिवशीं मजुरांकडे कीं सिंहासनाकडे, हें ठरविण्याची मोकळीक नव्हती. त्याला दोष देणें सोपें आहे; पण तसें न करतां तें घर वांचलें नसतें.

समाधीचें मूळ नांव 'दहा हजार वर्षें' अशा अर्थाचें होतें. बंडानंतर सम्राटानें तें बदलून 'नम्रता' असें ठेविलें.

मियन थाम १८७० सालीं वारला. त्याची सख्खी बहीण माय आम ही त्याच्याच हाताखालीं काव्य शिकली होती. ती १९०४ पर्यंत हयात होती, आणि तिचाहि कवितासंग्रह प्रसिद्ध आहे.