मुलुंडच्या चर्चला ज्यांचं नाव आहे ते पोप

मुलुंड पश्चिमेचं सेंट पायस टेन्थ चर्च अनेकांना माहीत असतं. गोरेगावात जिथे भावी फादर शिकतात, त्या सेमिनरीलाही हेच नाव आहे. पण हे दहावे पायस कोण?

इटलीतल्या रिएसे गावचे जुझेप्पे सार्तो, १९०३ ते १९१४ या काळातले पोप. त्यांच्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी, दहा-बारा, कधी चौदा वर्षांचं होईपर्यंत थांबवत. लहानांना काय कळतं, हा त्यामागचा विचार! त्यांच्या ८ ऑगस्ट १९१०च्या आदेशाने तो मोडला. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक समजला की पुरे, म्हणजे साधारण सातव्या वर्षी. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण यात मुलाच्या समजेवर विश्वास आहे.

१९०५ साली त्यांनी प्रत्येक पॅरिशमध्ये दर रविवारी मुलामुलींना तासभर धर्मशिक्षण द्यायला सांगितलं होतं. स्वतः पोप असूनही ते व्हॅटिकनच्या अंगणात रोमच्या लोकांना रविवारी शिकवत. आपल्या उपनगरांतल्या चर्चमधले रविवारचे वर्ग याच परंपरेतले.

१९५४ साली ते संत झाले. त्यांचा सण २१ ऑगस्टला असतो.