जुन्या कपाटावर नवा रंग का टिकत नाही?

आमच्या भाड्याच्या घरातील स्वयंपाकघराच्या लाकडी कपाटांना फार पूर्वी ऑइलपेंट लावलेला होता. मुठींभोवती तो काळवंडला होता, बिजागऱ्यांपाशी त्याचे पोपडे निघाले होते. नवी कपाटे करणे भाडेकरूच्या हाती नसते. तेव्हा घरमालकांची परवानगी घेऊन दिवाळीपूर्वी मी ओल्या फडक्याने दारे पुसली आणि रंगाचा एक जाड हात दिला. दिवाळीत सर्वांनी कौतुक केले. होळीपर्यंत रंग नखाने सोलून निघू लागला! चूक कोठे झाली असेल?

विद्यार्थी मित्रांनो, एक सोपा प्रयोग करा. पत्र्याच्या डब्यांची तीन जुनी झाकणे घ्या. एकाला तेलाचे बोट लावा. दुसरे साबणाने धुऊन कोरडे करा. तिसरे धुऊन पॉलिशपेपरने घासा. तिन्हींवर डिंकाने कागदाच्या सारख्या पट्ट्या चिकटवा, दुसऱ्या दिवशी ओढून पाहा आणि कोणती पट्टी किती सहज निघते ते नोंदवा.

एकाच पदार्थाच्या रेणूंमधील आकर्षणाला ससंजन म्हणतात आणि भिन्न पदार्थांच्या रेणूंमधील आकर्षणाला आसंजन. हे आकर्षण रेणू अगदी जवळ आले तरच जाणवते. मध्ये तेलाचा पातळ थर असला, की रंग पृष्ठभागाला न चिकटता तेलाला चिकटतो. आणि तेलाचे स्वतःचे ससंजन दुबळे असल्याने सगळेच सुटून येते. माझ्या कपाटाचे हेच झाले.

पण ओट्याजवळच्या दारांवरचा तो चिकट थर येतो कोठून? फोडणीतून उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब दारांवर बसतात. करडई किंवा सूर्यफूल यांसारख्या तेलांचे रेणू हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू एकमेकांत गुंफले जातात व तेल घट्ट, चिकट होते. गंमत अशी, की ऑइलपेंट वाळतो तोही याच रीतीने! त्यातील टर्पेंटाइनसारखा द्रव उडून जातो हे खरे, पण पुढचे काम ऑक्सिजनचे. जवसाचे तेल वाळताना त्याचे वजन घटत नाही, उलट वाढते. म्हणजे तो चिकट थर हा एक प्रकारे अर्धवट वाळलेला रंगच होय. तो नुसत्या पाण्याने कसा निघणार?

त्यासाठी धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा पुरे. सोडा अल्कधर्मी असल्याने तेलकटपणा सैल करतो आणि त्यातील आम्लांचा साबण बनवतो. हातांत रबरी मोजे हवेत. शेवटी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

यानंतर घासणे. गुळगुळीत रंगावर बारीक ओरखडे पडले, की पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढते आणि नवा रंग खाचांत शिरून पकड घेतो.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. पूर्वी अनेक रंगांत, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व हिरव्या छटांत, शिशाची संयुगे वापरीत. भारतात २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास मनाई आली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते नुसते पाहून ओळखता येत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नये किंवा जाळून काढू नये. मोठ्या माणसांनीच, रंगारी ज्याला वॉटरपेपर म्हणतात तो भिजवून, हलक्या हाताने घासावे. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, भांडी व अन्न आधीच हलवावे आणि चुरा झाडून न काढता ओल्या फडक्याने टिपावा. पोपडे नखाने सोलण्याचा छंद तुमच्या धाकट्या भावंडांना असेल, तर त्यांना आजच थांबवा. ते बोट पुढे तोंडात जाते!

शेवटी खाचांत लांबी भरून प्रायमरचा हात द्यावा व तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. पातळच का? ऑक्सिजन वरून आत शिरतो. थर जाड असेल, तर वर साय धरते, आतला रंग ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते. म्हणून हे काम कोरड्या हवेत करावे.

दुसऱ्या खेपेस मी रंग लावण्यापेक्षा धुण्या-घासण्यात अधिक वेळ घालवला. त्या कपाटांवरून दोन पावसाळे गेले, रंग अजून जागेवर आहे. आता तुम्ही सांगा : लोखंडी खिडकीला रंग देण्यापूर्वी तिच्यावरचा गंज का खरवडून काढतात?