आडनाव लोपीस, राहणार वसई

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्याच दिवशी पुण्याच्या एका वाचनवेड्या स्नेह्यांचा फोन आला. त्यांनी फादरांचं ‘सुबोध बायबल’ वाचलं होतं, लेख कापून जपले होते. हळहळून झाल्यावर त्यांनी विचारलं, “फादर मूळचे गोव्याचे ना?” वसईतल्या नंदाखालचा माणूस. जन्मभर मराठीत लिहिलं, साहित्य अकादमीने गौरवलं, २०२० साली उस्मानाबादच्या संमेलनात तो अध्यक्ष म्हणून उभा राहिला. तरी मेल्यावर आडनावाने त्याला गावाबाहेर काढलं. त्या प्रश्नाने मला जे लागलं ते अजून गेलेलं नाही, म्हणून हा मागोवा.

आमचं आडनाव लोपीस. शेजारी घोन्सालविस, पलीकडे तुस्कानो, वळणावर डाबरे, पुढे परेरा आणि कोरिया. ही सगळी पोर्तुगीज आडनावं. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि वसईचा किल्ला त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाला. पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन पाद्री आले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवं नाव मिळे आणि त्यासोबत आडनावही. कधी ते धर्मपित्याचं असे, कधी विधी करणाऱ्या पाद्र्याचं, कधी हजर असलेल्या एखाद्या फिरंगी अंमलदाराचं. म्हणून एका वाडीत सगळे रॉड्रिग्ज भेटतात आणि त्यांचं आपसात काही नातं नसतं. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज होते, त्यांना आडनाव रक्ताने मिळालं. आमच्या पूर्वजांना ते पाण्याने मिळालं.

त्या आडनावांत परकं असं फार थोडं आहे. लोपीस म्हणजे लोपोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, घोन्सालविस म्हणजे गोन्सालोचा. डिसोझा हे सोझा नदीकाठचे. पोर्तुगालच्या लोकांनी बापावरून, नदीवरून, गावावरून, झाडावरून नावं घेतली. आपल्याकडे चिपळूणचा चिपळूणकर झाला तो याच रीतीने. परेराच्या मुळाशी नासपतीचं झाड आहे, कार्व्हालोच्या मुळाशी ओक, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. डाबरे तर आता इतकं मराठी झालंय की त्यामागचं ‘द आब्रेऊ’ कुणाला ऐकूही येत नाही. वसईच्या जिभेने ही आडनावं चारशे वर्षं घासून आपली केली आहेत.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. पुढची अडीचशे वर्षं आडनावांच्या दृष्टीने सपाटच. पेशवाईत चर्चची जबाबदारी गोव्याच्या पाद्र्यांकडे आली, मग इंग्रज आले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची पन्नाशी साजरी होत असताना मुंबईच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं, नोकऱ्यांत गोवेकर आणि मंगळूरकरांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. वसईच्या गावांत ते नाव फारसं रुजलं नाही. आमच्याकडे कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी याच ओळखी पुरेशा होत्या. घरात कादोडी बोलली जाई, तीच बोली शेजारचे सामवेदी ब्राह्मण जोशी आणि नाईकही बोलत. आजोबांच्या पिढीत इनास, पास्कू, बस्त्याव, पेद्रू अशी नावं होती. आडनाव लागे ते फक्त चर्चच्या वहीत आणि सातबाऱ्यावर.

मी स्वतः अनुभवलं ते दशक १९८८ नंतरचं, आणि तिथेच माझा पाय अडकतो. वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी करण्याचा घाट तेव्हा घातला गेला. नालासोपारा, वसई रोड, विरारला इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना पाणी आमच्या विहिरींतून टँकरने जात होतं. केळीच्या वाड्या, पानमळे, मोगऱ्याचे मळे यांच्या मुळाशी असलेलं पाणी रात्रंदिवस उपसलं जात होतं. विहिरी खारट होऊ लागल्या. बावखलं, म्हणजे गावातली जुनी तळी, बुजवून भराव टाकले गेले. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि दिब्रिटो फादर पुढे झाले. १९८३ पासून दोन तपं ते ‘सुवार्ता’ मासिक चालवत होते. त्या मासिकाने आम्हाला वाचायला शिकवलं आणि त्या काळात रस्त्यावर उतरायलाही.

सभा चर्चच्या आवारात होत, देवळाच्या पारावर होत. समितीत पाटील होते, वर्तक होते, नाईक होते. पाणी खारट होताना ते कुणाचं आडनाव बघत नव्हतं. विरोधकांच्या सभांत मात्र आडनावंच वाचून दाखवली जात. ‘ही पोर्तुगिजांची माणसं, यांना विकास नको’ असं जाहीर बोललं जाई, आणि समोरची माणसं, ज्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांबरोबर रहाट हाकला होता, तीही टाळ्या वाजवत. दहशत होती. रात्री उशिरा घरी येताना लोक रस्ता बदलून येत. ती भीती मी आता विसरू शकतो. त्या टाळ्या विसरता येत नाहीत.

जमिनीचे व्यवहार सुरू झाले तेव्हा आडनावाने आणखी एक खेळी केली. सातबाऱ्यावर एका तलाठ्याने लोपीस लिहिलेलं, दुसऱ्याने लोपेझ, तिसऱ्याने लोप्स. सख्खे भाऊ कागदोपत्री तीन वेगळ्या घराण्यांचे झाले. वारस नोंदी अडकल्या, प्रतिज्ञापत्रं झाली, दलालांनी त्या गोंधळात हात धुऊन घेतले. वाडी विकायची नाही म्हणून अडून बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगितलं गेलं की तुमचं नावच या जमिनीवर धड नाही. अशा किती वाड्या त्या काळात हातातून गेल्या याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, आणि मांडायला हवा होता.

त्याच दशकाच्या शेवटी, १९९८ मध्ये, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पहिले बिशप झाले भुईगावचे थॉमस डाबरे. गावागावांत आनंद झाला. पण तोवर नव्या इमारतींत मुंबईहून, मंगळुराहून, गोव्याहून आलेले डिसोझा आणि परेरा राहायला आले होते. त्यांची भाषा कोकणी किंवा इंग्रजी, आमची मराठी आणि कादोडी. आडनाव तेच. ते चांगले शेजारी आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेरच्या माणसाला फरक कळेना. वसईचा डिसोझाही हळूहळू पाहुणा धरला जाऊ लागला.

मला बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक आठवतात. एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथात गेलेल्या या माणसांची नावं कायम राहिली. टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांच्या मराठीपणावर कुणी शंका घेतली नाही, आणि घेऊही नये. आमची आडनावं त्यांच्या तीनशे वर्षं आधी बदलली गेली. आम्ही मात्र त्याची किंमत अजून देतो आहोत. दिब्रिटो फादर संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष झाले तेव्हा धमकीचे फोन आले. विरोध करणाऱ्यांतल्या किती जणांनी त्यांचं एक पान तरी वाचलं होतं, हा माझा प्रश्न आजही उभा आहे. पाठीच्या दुखण्याने ते उस्मानाबादला जेमतेम बसू शकत होते, तरी गेले आणि बोलले.

पुढे २००९ मध्ये महापालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा आला, आणि आडनावाची नवी कटकट संगणकाने सुरू केली. इंग्रजीत डी आणि सोझा यांच्यामध्ये असलेला अपॉस्ट्रॉफी बऱ्याच अर्जांना चालत नाही. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. तीस वर्षांपूर्वी तलाठ्याच्या वहीत जे झालं ते आता पडद्यावर होतं. घर भाड्याने शोधणाऱ्या आमच्या मुलांना आडनाव सांगताच ‘नॉनव्हेज चालत नाही’ असं ऐकावं लागतं. मुलाखतीत मराठी बोलल्यावर ‘अरे, तुम्ही छान मराठी बोलता’ अशी शाबासकी मिळते. ती शाबासकी मला शिवीसारखी लागते.

आडनाव बदलावं असं सुचवणारेही भेटतात. मी ते बदलणार नाही. मला उलट त्याच्या मागचं काय आहे ते हवं आहे. इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरीत’ या किनाऱ्यावर आलेल्या कुळांच्या याद्या आहेत. त्यातली काही कुळं बाप्तिस्म्यानंतर लोपीस, परेरा, डाबरे झाली असणार. तो दुवा कागदावर तुटला, बोलण्यात तुटला नाही. एका गावात दहा रॉड्रिग्ज असले की लोक आडनाव वापरतच नाहीत. इनासच्या घरातले, पास्कूची पोरं, बावखलाकडचे, वरच्या वाडीतले, अशी घरनावं चालतात, आणि त्यांतली काही आजोबांच्याही आजोबांच्या काळापासूनची आहेत. फादर फ्रान्सिस कोरिया यांनी सामवेदी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना वाट घालून दिली आहे. त्या वाटेने आता घरोघर जायला हवं. प्रत्येक चर्चने आपल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांची छायाचित्रं काढावीत आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या घराचं घरनाव लिहून घ्यावं. गिरीज, गास, निर्मळ, सांडोर, पापडी, कुठूनही सुरुवात करा. जुन्या वह्यांची पानं हात लावला तर तुटतात, आणि घरनावं सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.