'सगे' आणि 'सोयरे'

'सगेसोयरे' हा मराठीच्या नित्य व्यवहारातील सामासिक शब्द होय. सामान्यतः तो 'सर्व नातेवाईक' एवढ्याच अर्थाने योजिला जातो. त्यामुळे त्याची दोन्ही पदे समानार्थी असावीत असा समज होतो. वस्तुतः हा द्वंद्व समास असून त्याची पदे दोन भिन्न नात्यांची वाचक आहेत.

'सगा' म्हणजे रक्ताचा : सगा भाऊ, सगा चुलता. 'सोयरा' म्हणजे विवाहसंबंधाने जोडलेला : व्याही, जावई, मेहुणा, साडू. हा भेद क्रियापदांवरूनही स्पष्ट होतो. सोयरीक करतात, ती जुळते, प्रसंगी मोडते. सगेपणाला ही क्रियापदे लागत नाहीत. सगा हा असतो, सोयरा हा होतो. तुकोबांनी वनातील वृक्षवेलींना 'सोयरे' म्हटले आहे. जोडता येणाऱ्या नात्याचा वाचक म्हणूनच हा शब्द मनुष्यजातीबाहेरही पोहोचू शकला.

तथापि ही दोन वर्तुळे सर्वत्र विलग नाहीत. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे. तेथे मामा हा मूळचा रक्ताचा, पण त्याची मुलगी केली की तोच सासरा होतो. सासूला 'आत्याबाई' म्हणण्याच्या प्रघातातही या विवाहपद्धतीची खूण दिसते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांच्या अशा प्रादेशिक रचनांचे विवेचन केले आहे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२४ रोजी जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यात 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या दिली. जातीच्या दाखल्यासाठी पितृकुळातील रक्ताच्या नातेवाइकाचा पुरावा हा रूढ आधार होता, म्हणजे 'सगे'. मसुद्यातील व्याख्येने मागील पिढ्यांत सजातीय विवाहांतून जुळलेले नातेवाईकही त्यात आणले, म्हणजे 'सोयरे'. त्यावर जो तीव्र वाद झाला, त्याचा एक धागा या समासाच्या उत्तरपदापाशी पोहोचतो.

बोलीत जोडशब्दाची पदे एकमेकांत मिसळली तरी व्यवहार अडत नाही. कायद्यात मात्र प्रत्येक पदाला आपला अर्थ सांगावा लागतो. कारण त्या अर्थावर दाखला मिळणे वा न मिळणे अवलंबून असते.