जुना छोटा ट्रॅक्टर: बागेत नेण्याआधी आणि नेल्यावर

1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि आसपासच्या गावांतून माणसं कारखान्याजवळच्या बजाजनगरात राहायला आली. पण गंगापूर, पैठणकडची शेती अनेकांनी सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी मोसंबीची किंवा डाळिंबाची बाग उरकायला अशा घरांत 15 ते 20 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर सोयीचा पडतो. महिंद्राचा एका सिलिंडरचा युवराज 215 किंवा तीन सिलिंडरचा मित्सुबिशी शक्ती आपण सेकंडहँड घेतला असेल, तर तो जुना आहे म्हणून घाबरू नका. वयापेक्षा धुळीने इंजिनं लवकर संपतात.

सुरुवात सपाट जागेवर, इंजिन थंड असताना करा. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा बुडवा आणि पातळी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढली असेल तर डिझेल उतरत असण्याची शक्यता असते. दोन्ही वेळा ट्रॅक्टर सुरू न करता आधी मिस्त्रीला दाखवा.

मग रेडिएटर. पाणी कमी वाटलं तरी गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. जाळीत गवताचा भुसा आणि पालापाचोळा अडकतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने काढा. जोराच्या धारेने जाळीची पाती वाकतात.

आता एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा डबा. इथे घाई करू नका. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत त्याच्या तळाशी ऑइलची वाटी असते. वाटी सोडवा, गाळ काढून डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, कमी भरलं तर धूळ आत जाते. उन्हाळ्यात काळ्या मातीत रोटाव्हेटर, म्हणजे रोटा, चालवत असाल तर वाटी रोज उघडून बघायला हवी.

एवढं करूनही एक जागा हमखास राहून जाते: क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी. तिला खालून बारीक तडा गेलेला असतो किंवा क्लॅम्प सैल असतो. मग वाटी कितीही स्वच्छ ठेवली तरी धूळ तिथून थेट सिलिंडरमध्ये जाते, रिंगा झिजतात, ऑइल जळू लागतं. नळी वाकवून, दाबून चारी बाजूंनी बघा. तडा दिसला की नवीच बसवा, चिकटपट्टी टिकत नाही.

टाकी कोरडी पडली किंवा डिझेल फिल्टर बदलला की पुढची अडचण येते. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. डिझेलच्या नळीत हवा अडकलेली असते. अशा वेळी लोक बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत राहतात. त्याऐवजी टाकी भरा, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप असेल तर तो चालवा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू घट्ट करा. मग हेच इंजेक्शन पंपावर करा. तरीही सुरू झालं नाही तर नोझलच्या नळीचं काम मिस्त्रीवर सोपवा. तिथली बारीक धार कातडी भेदून आत जाते.

इंजिन सुरू झालं की रोटाव्हेटर जोडायचा. 15 अश्वशक्तीला साधारण 3 फुटांचाच रोटा पेलतो. स्वस्त मिळतो म्हणून 4 फुटी घेतला की इंजिन दबतं, तापतं आणि क्लच जातो. जोडताना इंजिन बंद ठेवा. आधी ट्रॅक्टरमागचे खालचे दोन हात, मग वरचा हात अडकवून पिना लावा. पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी रोट्यापर्यंत नेणारा दांडा, खटका बसेपर्यंत ढकला आणि ओढून खात्री करा. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढून टाकू नका. बहुतेक ट्रॅक्टरांत हा दांडा मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो. उपरण्याचं टोक त्यात गेलं तर माणूस ओढला जातो.

ठिबकच्या बागेत आणखी एक गोष्ट सांभाळायची. गवतात दडलेली ठिबकची नळी रोट्याच्या रोटरवर गुंडाळली जाते, टोकाशी जाऊन ऑइल सील कापते. ऑइल हळूहळू गळतं, कळत नाही, आणि बेअरिंग व गिअर कोरडे चालून बसतात. म्हणून काम संपल्यावर रोटा जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद करा, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका. मगच गुंडाळलेली नळी, सुतळी, तार कापून काढा. कडेला ओलसर तेलकट माती दिसली तर सील बदलायची वेळ झाली.

जोडणीच्या पिना आणि बुश झिजले की रोटा डुलायला लागतो. यासाठी वाळूज एमआयडीसी शेजारीच असल्याने बजाजनगरची सोय मोठी आहे. नमुना दिला की लेथवाले नवी पिन काढून देतात. पण पंप, नोझल आणि हायड्रॉलिकचे भाग मात्र मूळचेच घ्या. त्यांतली माया, म्हणजे दोन भागांमधली फट, फार बारीक असते.

पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दव साचून पाणी उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, ग्रीसच्या प्रत्येक निपलात नवं ग्रीस भरा आणि रोट्याच्या पात्यांना जुनं ऑइल फासा.