एका वॅटचा ऐंशी लाखावा हिस्सा

एक वॅट म्हणजे तशी चिल्लरच. पण हाच एक वॅट हिरव्या लेझरचा असला, तर सेकंदाला २७ वर १७ शून्यं इतके फोटॉन एकाच बारीक रेषेत धावत असतात. ती रेषा थेट बाहुलीत शिरली, की डोळ्याचं भिंग तिला पडद्यावर जेमतेम २० मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतं आणि तीव्रता लाखपट होते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात डोळ्याला सोसेल अशी मर्यादा आहे १ मिलिवॅट. इथे हजारपट!

आता तोच लेझर पांढऱ्या भिंतीवर मारा आणि १० मीटरवरून ठिपका बघा. प्रकाश चहूकडे विखुरतो. अंधारात ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीच्या वाट्याला ०.१२ मायक्रोवॅट येतो, म्हणजे मूळ वॅटचा ऐंशी लाखावा हिस्सा. तरीही सेकंदाला ३३ हजार कोटी फोटॉन डोळ्यात जातातच, आणि डोळ्याला त्याचं काही वाटत नाही. मर्यादा अजून आठ हजार पटींनी लांब असते.

हे मोजायला डोळ्याच्या जागी पॉवर मीटर ठेवतात, त्याच्या तोंडाशी ७ मिलिमीटरचं भोक. बंद खोलीत काम सोपं आहे. उघड्यावर, भर दुपारी, ऊन चौरस मीटरला हजार वॅट ओततं आणि विखुरलेला लेझर तिथे असतो ३ मिलिवॅट. तीन लाख पटींचा फरक! फक्त १ नॅनोमीटरचा हिरवा पट्टा आत सोडणारा फिल्टर लावला, तरी थेट ऊन शेकडो पटींनी भारी पडतं. मग लेझरच ठरावीक वेगाने चालू-बंद करतात आणि तेवढ्याच वेगाने बदलणारा उजेड मोजतात. नाहीतर सरळ रात्र होऊ द्यायची.

भिंतीवरच्या ठिपक्याची धास्ती नकोच. धास्ती घ्यायची ती काचेची. खिडकीच्या काचेचा एकेक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. एका वॅटचे ४० मिलिवॅट झाले, आणि रेषा होती तेवढीच बारीक. मिरवणुकीतले लेझर तर कितीतरी वॅटचे असतात. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली, ते योग्यच झालं. अमेरिकेत कार्यक्रमातला बीम माणसं उभी राहतात त्या पातळीपासून किमान ३ मीटर उंच ठेवावा लागतो. आपल्या पेठांमध्ये त्या उंचीवर पहिल्या मजल्याची गॅलरी असते, आणि मिरवणूक बघायला सगळं घर तिथेच उभं असतं.